अर्धा चेहरा गेला कुठं?

वाचकांचे प्रश्न : लग्नाचे फोटो, उजेड आणि सावली

मागच्या खेपेला ‘लग्नात फ्लॅश जरा कमी मारा’ एवढं एक वाक्य लिहून गेलो आणि त्यावर भांडायला बरेच जण आले. त्यातली काही पत्रं इथं घेतोय. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी ओळख : कराडला माझा छोटा स्टुडिओ आहे. फोटोग्राफर व्हायच्या आधी चार वर्षं मी ‘लाइट धरणारा’ होतो. म्हणजे व्हिडिओवाल्याच्या मागं हजार वॉटचा हॅलोजन हातात उंच धरायचा, पायातली वायर सोडवायची आणि वऱ्हाडातल्या बायकांच्या शिव्या खायच्या. ‘ए पोरा, डोळ्यांवर नको मारू की!’ तेव्हा राग यायचा. आज वाटतं, उजेडाबद्दलची पहिली शिकवणी त्या बायकांनीच घेतली माझी.

दोन वर्षं झाली मी बार्शीकडं लग्नाचे फोटो काढतो. गौरीहाराला बसलेल्या नवरीचा खिडकीजवळचा एक फोटो मला फार आवडला होता. चेहऱ्याची एक बाजू उजेडात, दुसरी अंधारात. मुलीच्या वडिलांनी तो अल्बममधून काढायला लावला. म्हणाले, ‘अर्धा चेहरा काळा आलाय.’ माझं चुकलं का?

तुमचं थोडं चुकलं, त्यांचंही थोडं चुकलं. माझा किस्सा ऐका. इस्लामपूरकडचं लग्न, रोलचा जमाना. असाच एक फोटो मी मोठ्या कौतुकानं अल्बमच्या पहिल्या पानावर लावला. वधुपित्यानं चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, ‘अर्धा चेहरा गेला कुठं? पैसे तर पूर्ण घेतलेत.’ दुकानात बसलेले सगळे हसले. मी घरी जाऊन जेवलो नाही.

पुढं कळलं की त्या माणसाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आपल्याकडं अल्बम ही घराची नोंदवही असते. मुंबईच्या आत्याला, गावाकडच्या चुलत आजीला, ज्यांना लग्नाला येता आलं नाही त्यांना मुलगी ओळखू आली पाहिजे. शिवाय त्या पिढीनं काळपट फोटो पाहिले ते चुकीनं आलेले. फ्लॅश पेटला नाही, लॅबवाल्यानं घोळ घातला, की फोटो काळा. सावली मुद्दाम ठेवलेली असू शकते, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नव्हतं.

आता कामाचं बोलू. गौरीहाराची खोली म्हणजे काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. कोपऱ्यात बॅगांचा डोंगर, पलंगावर पिना आणि गजरे, प्लगला तीन मोबाइल, वर भणभणणारी ट्यूब. आणि या सगळ्याच्या मधोमध पिवळी अष्टपुत्री नेसलेली मुलगी पाटावर बसून अन्नपूर्णेवर अक्षता वाहतेय. अख्ख्या दिवसात ती एकटी असते ती एवढीच अर्धा तास. तिथं शिरल्यावर पहिलं काम कॅमेरा काढायचं नाही, ट्यूब बंद करायचं. खिडकीचा उजेड निळसर, ट्यूबचा हिरवट. दोघांचं भांडण तिच्या गालावर होतं. समोरासमोर दोन खिडक्या असतील तर एकीचं दार लोटा.

मग पाट बघा. खिडकी बरोबर काटकोनात, कानाच्या रेषेत आली तर नाक मधे भिंतीसारखं उभं राहतं आणि पलीकडचा गाल पार बुडतो. तुमच्या फोटोत हेच झालं असणार. भटजींना विचारून पाट वीतभर मागं सरकवा, म्हणजे खिडकी तिच्या किंचित पुढं येईल. आता पलीकडच्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा एक छोटा त्रिकोण पडेल. स्टुडिओवाले याला रेम्ब्रां लाइट म्हणतात. सतराव्या शतकातला हा डच चित्रकार माणसांचे चेहरे असे रंगवायचा, म्हणून. त्रिकोण आला की चेहरा पूर्ण ‘आहे’ असं वाटतं, आणि सावलीही शाबूत राहते.

एवढ्यानंही पार्टी कुरकुरणार असेल तर मामाचा पांढरा पंचा घ्या. करवलीला सावलीच्या बाजूला बसवा आणि तिच्या हातात तो उलगडून द्या. पंचा गालाजवळ आणला की सावली पातळ होते, लांब नेला की दाट. मी कायम दोन फोटो काढतो. पंचा जवळ असताना एक, तो वडिलांचा. पंचा काढून दुसरा, तो माझा. अल्बममध्ये वडिलांचा आधी लावतो. पान उलटल्यावर माझा येतो तेव्हा आजवर फार कुणी तक्रार केलेली नाही.

माझ्या मुलीचं लग्न ठरलंय. ती सावळी आहे आणि तिला त्याचं काही वाटत नाही. पण साखरपुड्याच्या फोटोंत तिला पिठात बुडवून काढल्यासारखं केलंय. लग्नात असं होऊ नये म्हणून फोटोग्राफरला काय सांगायचं? (नाशिकहून एक आई)

ताई, तुमचं पत्र वाचून माझीच मान खाली गेली, कारण हे पाप मीही केलंय. रोलच्या काळात लॅबच्या मशीनवर ‘डेन्सिटी’चं बटण असायचं. प्रिंट उजळ हवी की ऑपरेटर दोनदा दाबायचा. आम्ही न सांगताच दाबायचा, कारण उजळ नवरीचा फोटो परत येत नाही असा धंद्याचा अनुभव. ही खोड फक्त आपलीच नव्हे. परदेशात कोडॅककडून लॅबवाल्यांना रंग जुळवण्यासाठी एक कार्ड यायचं, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. ‘शर्ली’ म्हणायचे त्याला. त्या बाईची कातडी नीट आली म्हणजे सगळ्या जगाची नीट आली असं धरून चालायचे.

कॅमेराही थोडा बावळट असतो. समोर जे दिसेल ते मध्यम करड्या रंगाइतकं उजळ असावं असं त्याचं गणित. गडद शालू, सावळी मुलगी, मागं अंधार असं दिसलं की तो सगळंच उजळवतो. शेजारी पांढऱ्या शेरवानीतला नवरा आला की घाबरून सगळंच काळवंडवतो. जाणत्या फोटोग्राफरनं हे हातानं सावरायचं असतं.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. गोऱ्या चेहऱ्याचा गोलवा दिसतो तो सावलीमुळं. सावळ्या चेहऱ्याचा दिसतो तो चकाकीमुळं. गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर, कपाळावर जी उजेडाची मऊ रेघ उमटते, तिनं तो चेहरा घडतो. ती रेघ हवी असेल तर उजेड मोठा आणि बाजूनं हवा : खिडकी, उघडं दार, पांढऱ्या भिंतीवर मारून परत आलेला फ्लॅश. कॅमेऱ्यावरून थेट तोंडावर मारलेल्या फ्लॅशनं रेघ जाते आणि तेलकट ठिपका उरतो. मग तो लपवायला पावडर, मग पावडर दिसते म्हणून एडिटिंगमध्ये घासून गुळगुळीत. साखरपुड्याचं पीठ इथून आलं.

मेकअपवालीशीही बोला. चेहऱ्याला दोन छटा उजळ फाउंडेशन लावलं की चुड्याच्या फोटोत हात एकीचे आणि तोंड दुसरीचं दिसतं. काही कॉम्पॅक्ट पावडरी आणि झिंक किंवा टायटॅनियम असलेली सनस्क्रीन फ्लॅशमध्ये पांढरी फटक उठतात, आरशात मात्र काही कळत नाही. ट्रायलच्या दिवशी खोलीचा दिवा मालवा आणि मोबाइलचा फ्लॅश मारून एक फोटो काढा. जे आहे ते तिथंच कळेल.

फोटोग्राफरला एकच वाक्य सांगा आणि बुकिंगच्या कागदावर लिहूनही घ्या : ‘मुलीचा रंग आहे तसाच हवा, उजळवायचा नाही.’ तो चांगला असेल तर सुखावेल. ‘असं कसं मॅडम, थोडं तरी करावंच लागतं’ असं म्हणाला तर दुसरा बघा.

ताईच्या लग्नात मी करवली आहे. झालीच्या वेळी मोबाइलवर फोटो काढायचे आहेत. दिव्यांच्या उजेडात सगळे छान दिसतात, पण फोटोत दिव्यांचे नुसते पांढरे गोळे येतात.

झाल हा माझा लग्नातला सगळ्यात आवडता प्रसंग, आणि सगळ्यात जास्त फोटो वाया गेले तेही तिथंच. म्हणून जरा सविस्तर.

वेळूच्या टोपलीत कणकेचे दिवे लावतात आणि ती टोपली सासरच्या एकेकाच्या डोक्यावर टेकवतात. सगळे फोटोग्राफर टोपली डोक्यावर गेली की फोटो काढतात. आता विचार कर. दिवे टोपलीच्या आत, चेहरा टोपलीच्या खाली. बूड मधे आलं की उजेड चेहऱ्यावर पोचणार कसा? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, शब्दशः. ज्यांच्या डोक्यावर झाल आहे त्यांचा चेहरा काळा, आणि वाकून बघणाऱ्या सगळ्यांचे उजळलेले.

तेव्हा दोन क्षण धर. एक, टोपली छातीपासून वर जाताना. हनुवटीच्या उंचीला ती क्षणभर येते, तेव्हा उजेड खालून वर सरकतो, नथ चमकते, डोळ्यांत दोन-दोन ज्योती दिसतात. एवढ्यात संपतं ते. काका-मामांना आधीच सांगून ठेव की ‘जरा सावकाश उचला.’ दुसरा क्षण, टोपली डोक्यावर असताना कॅमेरा तिच्यावरून काढून तुझ्या आईकडं वळव. त्या वेळी ती कुठं बघत असेल ते मी सांगायला नको.

मोबाइलवर फ्लॅश बंद. हॉलचे दिवे पाच मिनिटांपुरते मालवायला सांग; लाज वाटत असेल तर भटजींकडून सांगव, त्यांचं सगळे ऐकतात. मग स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धर, ज्योतीवर नको, आणि सूर्याचं छोटं चिन्ह येतं ते थोडं खाली ओढ. ज्योतीला पिवळा रंग आला की थांब. आणि माणसांना दिव्याच्या जवळ आण. एक हातावर गालावर जेवढा उजेड पडतो त्याच्या पावपट दोन हातांवर पडतो आणि तीन हातांवर नववा हिस्सा. म्हणून झालीभोवती दाटी करणारे नातेवाईक फोटोच्या दृष्टीनं बरेच असतात.

कधी म्हैसूरला गेलीस तर जगनमोहन पॅलेसमध्ये सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र बघ. हातात समई धरलेली बाई, दुसरा तळवा ज्योतीआड. बरेच लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. चित्रासाठी उभी राहिली ती हळदणकरांची स्वतःची मुलगी, आणि चित्र जलरंगातलं आहे. तेलरंगात चुकलं तर वरून थर देता येतो. जलरंगात उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद, तो एकदा रंगला की गेला. त्या तळव्याची बोटं बघ, कडांना लालसर झाली आहेत, उजेड मांसातून झिरपतोय. मी ते बघून आलो आणि महिनाभर प्रत्येक नवरीला ‘ज्योतीआड हात धरा’ म्हणत होतो. बायकोनं बंद करायला लावलं.

पुण्यात मे महिन्याच्या मध्यावर, दुपारी साडेबाराचा मुहूर्त, लग्न लॉनवर. फोटोंचं काय होईल?

खरं सांगू? तुम्ही पंचांगातला मुहूर्त बघितलात आणि नेमका आकाशातलाही गाठलात. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. आणि घड्याळात ती वेळ साधारण १२:३१. म्हणजे अंतरपाट बाजूला होईल तेव्हा उभ्या काठीची सावली काठीच्याच पायात असेल. माणसांचं मात्र उलटं. कपाळ पांढरं, डोळ्यांच्या खोबणीत काळोख, नाकाखाली सावलीची मिशी. नवरीलासुद्धा.

फोटोग्राफर यात काही फारसं करू शकत नाही, मंडपवाला करू शकतो. स्टेजवर जाड, पांढरं छत घाला. लाल-पिवळं कापड दिसायला शुभ, पण त्यातून गाळून येणारा उजेड सगळ्यांना शेंदूर फासतो. स्टेजच्या मागं पडदा असू द्या. मागं उघडं, उन्हानं पेटलेलं लॉन राहिलं तर पुढचे चेहरे कोळशासारखे येतील. आणि स्टेजसमोर फिक्या रंगाचं जाजम अंथरा. जमिनीवरून उठलेला उजेडच डोळ्यांच्या खोबणीत शिरतो. हिरवळीवरून उठला तर हनुवटी हिरवी होते.

घरच्यांचे ग्रुप फोटो जेवणानंतर लगेच लावू नका. साडेपाचनंतर ऊन तिरकं होतं. त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास मावळतो, म्हणजे दीडेक तास हातात आहे.

गोरज मुहूर्ताला फोटो फार सुंदर येतात असं ऐकलं. खरं का?

खरं, पण सूर्य बुडाल्यावर आपल्याकडं वीसेक मिनिटांत खेळ संपतो. आपल्या मंगलाष्टका म्हणणाऱ्या आत्या किती आहेत ते आधी मोजा.

लातूरच्या बाजूला काम करतो. स्टेजवर एलईडी वॉल आणि पार लाइट (स्टेजचे रंगीत झोताचे दिवे) असले की फोटोंत आडवे पट्टे येतात, चेहरे जांभळे होतात. कॅमेरा बदलू का?

कॅमेरा बदलून पैसे घालवू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटरचा स्पीड १/१०० किंवा १/५० सेकंदावर आणा, बरेच पट्टे जातील. एलईडी वॉल आणि डिमरवरचे दिवे त्याहून कितीतरी भरभर लुकलुकतात, त्यांना हा हिशेब लागू पडेलच असं नाही. वऱ्हाड यायच्या आधी स्टेजवर उभं राहून स्पीड थोडा खालीवर करून बघा. सायलेंट शटर वापरत असाल तर बंद करा, त्यानं पट्टे वाढतात.

जांभळ्या चेहऱ्याला मात्र औषध नाही. निळ्या-गुलाबी एलईडीच्या उजेडात बाकीचे रंग मुळात नसतातच, मग नंतर कॉम्प्युटरवर आणणार कुठून? उपाय एकच : लाइटवाल्याच्या टेबलावर जायचं, चहा पाजायचा आणि म्हणायचं, ‘दादा, मंगलाष्टका सुरू झाल्या की फक्त पांढरा. वरातीला हवं ते कर.’ माझ्या अनुभवात दहातले आठ ऐकतात. उरलेल्या दोघांना दुसरा चहा.

अशाच परक्या रंगाची मला एकदा अद्दल घडलीय. एका कार्यालयाचं छत ऑइलपेंटचं पोपटी होतं. मी नुकताच फ्लॅश छतावर मारून उजेड मऊ करायला शिकलो होतो, त्या तोऱ्यात अख्खं लग्न तसंच काढलं. प्रिंट आल्या. लॅबवाल्यानं हिरवा उतरवला तर मागच्या पांढऱ्या भिंती गुलाबी झाल्या, भिंती सावरल्या तर माणसं हिरवी. नवरदेवाच्या काकांनी अल्बम चाळून विचारलं, ‘हळद लावली होती की मेंदी, तोंडाला?’ तेव्हापासून कार्यालयात शिरलो की आधी वर बघतो.

माझ्या लग्नाचा १९७४ सालचा एक कृष्णधवल फोटो आहे. आम्ही दोघं भिंतीला लागून उभे. भिंतीवर उजवीकडं आमच्या ठळक काळ्या सावल्या, आणि डाव्या कडेनं आत आलेली एका हाताची सावली, बोटं पसरलेली. हात मात्र फोटोत नाही. नातू म्हणतो, मोबाइलवर एका मिनिटात पुसून देतो. पुसू का? (मिरज)

आजी, आधी तो फोटो कसा निघाला ते सांगतो. तुमच्या सावल्या उजवीकडं, म्हणजे फ्लॅश फोटोग्राफरच्या डाव्या बाजूला होता. वायरीनं कॅमेऱ्याला जोडून वेगळा धरलेला. सावल्यांच्या कडा ठळक, कारण फ्लॅश लहान आणि तुम्ही भिंतीपासून जेमतेम हातभर. दोन पावलं पुढं घेतलं असतं तर सावली खाली पडून फोटोबाहेर गेली असती. पण खोली लहान असणार, आणि त्या रोलवर बहुतेक १२ फोटो निघायचे. पुन्हा एक काढू असं कुणी सहज म्हणत नसे.

आता हात. फ्लॅश डावीकडून आल्यामुळं तुमच्या उजव्या अंगाला (फोटोत डावीकडं), चौकटीच्या अगदी बाहेर उभ्या असलेल्या कुणाची तरी सावली आत आली. बोटं पसरलेली आहेत म्हणजे तो हात काहीतरी करत होता. मुंडावळ्या नीट करून नुकताच मागं घेतलेला असेल, किंवा ‘थांबा, थांबा, पदर’ म्हणत पुढं आलेला. बांगड्यांची सावली दिसते का ते भिंगातून बघा. मनगटाशी एक-दोन बारीक रेघा असतील तर तो हात बाईचा. त्या खोलीत, त्या बाजूला कोण होतं ते तुम्हालाच आठवेल.

नातवाला म्हणावं, आधी फोटो नीट स्कॅन कर आणि पुसायचंच असेल तर त्या कॉपीवर पूस. मूळ फोटोला हात लावायचा नाही. आणि तो हात कुणाचा ते आठवलं तर फोटोच्या मागं नाव लिहून ठेवा. मऊ पेन्सिलनं, हलक्या हातानं. शाई पुढं उमटते.